स्पॅमला दारातच अडवा: देवगडच्या एका मेल सर्व्हरला फिल्टर जोडताना

बागायतदारांच्या आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडला तो ऐन एप्रिलमध्ये. जामसंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. टोनर भरणं, ऑनलाइन दाखल्यांचे फॉर्म, कुणाच्या मुलाच्या लॅपटॉपवर सांडलेला चहा, सगळं तिथेच निस्तरतं. त्यामुळे सचिवांनी "आता मेल पण तूच बघ गो" म्हटलं तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. ४६ मेलबॉक्स, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आणि चिटोऱ्यावर लिहिलेला रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड, एवढा ऐवज हातात आला.

लॉगिन करून पहिलं उघडलं ते क्वारंटाइनचं फोल्डर. आधी ज्यांनी सर्व्हर लावून दिला होता त्यांनी फिल्टर असा बसवला होता की संशयित मेल आधी आत घ्यायचा आणि मग गुपचूप बाजूला ठेवायचा. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, ज्याचा मेल त्यालाही नाही. ते फोल्डर रोज कुणीतरी चाळायचं असं ठरलं असणार. कुणीच चाळत नव्हतं. त्या ढिगात कुवेतच्या एका व्यापाऱ्याची १२० पेट्यांची मागणी सापडली, १९ दिवसांपूर्वीची. मी फोन लावला. तो म्हणाला, उत्तर आलं नाही, मग दुसरीकडून माल उचलला. आढीत आंबा विसरला तर निदान घरभर वास तरी सुटतो. मेलचं तेवढंही नाही.

फिल्टर कुठला घ्यावा यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते तो प्रश्न दुसरा. फिल्टर मेलच्या वाटेवर नेमका कुठे बसवायचा, हा पहिला. पुढे जे सांगते ते पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) असलेल्या डेबियन लिनक्स सर्व्हरचं आहे, कारण माझ्या हाताखाली तेच आहे. सेटिंगची नावं कानाला येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि मधल्या जागी अंडरस्कोर देऊन.

सही करण्याआधी आणि सही केल्यावर

समोरचा सर्व्हर आपल्या पोर्ट २५ वर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर येतो, आपलं नाव सांगतो, मेल कुणाकडून आणि कुणासाठी ते सांगतो, मग मजकूर ओततो आणि शेवटी एका ओळीत एकटा टिंब देतो. त्या टिंबानंतर आपण "२५०" म्हटलं की मेल आपला झाला. टेम्पोवाल्याच्या पावतीवर सही करण्यासारखंच आहे हे. पेटी उंबरठ्यावर आहे तोवर जबाबदारी त्याची, सही झाली की नासका आंबा आपल्या गळ्यात.

सहीआधी "५५०" किंवा "५५४" म्हटलं तर मेल नाकारला जातो. पाठवणारा खरा माणूस असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो की बाबा, पोचला नाही. "४५१" म्हटलं तर अर्थ होतो, आत्ता नको, थोड्या वेळाने ये. नीट चालवलेला सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येतो. नियमाप्रमाणे त्याने किमान चारपाच दिवस तरी प्रयत्न करायचे असतात.

सही झाल्यावर मात्र तीनच वाटा उरतात. जंकमध्ये टाका, गिळून टाका, किंवा "तुमचा मेल स्पॅम आहे" असं पत्र परत पाठवा. तिसरी वाट सभ्य वाटते आणि तीच सगळ्यात वाईट. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, म्हणजे आपलं पत्र भलत्याच गरीब माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. अशी पत्रं पाठवत राहिलात की काळ्या यादीत तुमचाच सर्व्हर चढतो.

हे डोक्यात ठेवून फिल्टर जोडायच्या जागा बघा. अगदी पुढची जागा पोस्टस्क्रीनची. पोस्टफिक्समध्ये तो २.८ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. पेटी न उघडता नुसता आणणारा कोण ते बघतो. त्याच्या मागे पोस्टफिक्सचे स्वतःचे निर्बंध आणि पॉलिसी सर्व्हिस, जशी ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी 'नंतर ये' सांगणं) करणारी पोस्टग्रे. त्यानंतर मिल्टर, म्हणजे मेल सर्व्हरला बाहेरचा फिल्टर जोडायची पद्धत. हा मूळचा सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरचा प्रकार, पोस्टफिक्सने तो २.३ मध्ये घेतला. यात मजकूर पूर्ण वाचून होतो, पण सही अजून व्हायची असते. म्हणून माझ्या दृष्टीने मोक्याची जागा हीच. पुढची जागा क्यूनंतरच्या, म्हणजे मेल रांगेत घेतल्यावरच्या, कंटेंट फिल्टरची: पोस्टफिक्स मेल घेतो, पोर्ट १००२४ वर बसलेल्या अमाविस या फिल्टरकडे देतो, अमाविस तपासून १००२५ वर परत करतो. आमच्याकडे आधी हेच होतं. अमाविस स्वतः वाईट नाही, पण या जागेवर बसवला की सही आधीच होऊन गेलेली असते. आणि सगळ्यात शेवटी मेलबॉक्समध्ये टाकतानाची चाळण, सीव्ह (मेल फोल्डरांत वाटणारे नियम) वगैरे.

एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांना हा पसारा लागत नाही. त्यांच्या एसीएलमधूनच (परवानगीच्या नियमांतून) मजकूर आल्यावर स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामना विचारता येतं. आणि ज्यांना हे काहीच नको त्यांनी एमएक्स रेकॉर्ड (आपल्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा ती नोंद) एखाद्या बाहेरच्या फिल्टर सेवेकडे वळवावा, ती गाळून पाठवते. फक्त तसं केलंत तर आपलं पोर्ट २५ त्या सेवेच्या पत्त्यांपुरतंच उघडं ठेवा. स्पॅमवाले एमएक्सला विचारत बसत नाहीत, जुन्या पत्त्यावर सरळ येतात.

काही हलवण्याआधी

मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सॉफ्ट बाउन्स 'यस' करा. यामुळे पोस्टफिक्सचा प्रत्येक ५०० च्या घरातला नकार ४०० च्या घरातला होतो. म्हणजे तुमची चूक झाली तरी मेल नाकारला जात नाही, समोरच्याच्या रांगेत थांबतो. चूक सापडली, दुरुस्त केली, तासाभरात सगळं येऊन पोचतं. हे मला आधी माहीत असतं तर पुढची फजिती टळली असती.

पहिल्याच रविवारी मी स्पॅमहाउस या संस्थेची झेन यादी जोडली, म्हणजे ज्यांच्याकडून थेट मेल घेऊ नये अशा पत्त्यांची काळी यादी. रिजेक्ट आरबीएल क्लायंट, पुढे यादीचं नाव, पोस्टफिक्स रीलोड, झालं. सोमवारी सकाळी सव्वाअकराला वाशीच्या मार्केटातून फोन, "ताई, तुमच्याकडे मेल परत येतायत." पाच मिनिटांनी बँकेतून. मग कणकवलीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा. लॉग बघते तर येणारा झाडून प्रत्येक मेल ५५४ ने परत.

कारण असं. ही यादी डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटवर नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेवर चालते. येणाऱ्या सर्व्हरचा आयपी उलटा लिहून यादीच्या नावाआधी जोडायचा आणि विचारायचं. नाव यादीत असेल तर १२७.०.०.२, १२७.०.०.४ अशी उत्तरं येतात; नसेल तर उत्तरच नाही. माझ्या व्हीपीएसचा डीएनएस होता सार्वजनिक, गूगलचा ८.८.८.८. तिथून हजारो लोक एकाच तोंडाने विचारतात, म्हणून स्पॅमहाउस तिथून आलेल्या प्रश्नांना १२७.२५५.२५५.२५४ असा वेगळा कोड देतं. अर्थ, इथून विचारू नका. पोस्टफिक्सला तो अर्थ कुठून कळणार? काहीतरी उत्तर आलं, म्हणजे यादीत आहे, म्हणजे हाकला. हे सगळं स्पॅमहाउसच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

लाज वाटली, पण त्यातून एक गोष्ट दिसली. सगळेच्या सगळे मेल चुकून नाकारले, तर सकाळ संपायच्या आत तीन फोन आले आणि दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. कुवेतचा एक मेल गुपचूप गिळला तो १९ दिवस कळला नाही.

दुरुस्ती दोन ठिकाणी. एक, सर्व्हरवरच अनबाउंड नावाचा छोटा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहा. डेबियनवर पोस्टफिक्सचे भाग बऱ्याचदा क्रूटमध्ये (बाकी सर्व्हरपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये) चालतात आणि त्या फाइलची वेगळी प्रत धरून बसतात, म्हणून नुसतं रीलोड नको, रीस्टार्ट करा. दोन, यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन कुठली उत्तरं मानायची ते सांगा: १२७.०.०. आणि चौकटी कंसात २..११. आता विचित्र कोड आला तरी पोस्टफिक्स त्याकडे बघणार नाही. तपासायचं असेल तर २.०.०.१२७ पुढे यादीचं नाव लावून होस्ट कमांड द्या. हा चाचणीसाठीच ठेवलेला पत्ता आहे, उत्तर आलंच पाहिजे.

आणखी एक. या यादीच्या फुकट वापराला अटी आहेत, कमी मेल आणि बिगरव्यापारी काम. आंबा विकणारी संस्था बिगरव्यापारी म्हणवून घेऊ शकत नाही, म्हणून आम्ही नोंदणी करून वापराची किल्ली घेतली. ती किल्ली यादीच्या नावातच येते आणि नकाराच्या संदेशात जगाला दिसते. पोस्टस्क्रीन डीएनएसबीएल रिप्लाय मॅप वापरून ती झाका.

दारावरचा राखणदार

यादीचं काम आता मी पोस्टस्क्रीनकडे दिलं आहे. मास्टर डॉट सीएफमध्ये त्याच्या ओळी आधीच असतात, नुसत्या बंद करून ठेवलेल्या. जुनी एसएमटीपीची ओळ बंद करायची. पोस्टस्क्रीन, पास प्रकारातला एसएमटीपीडी, डीएनएसब्लॉग आणि टीएलएसप्रॉक्सी या चार उघडायच्या.

त्याची मला आवडणारी युक्ती म्हणजे तो आधी गप्प बसतो. नवीन पाहुणा आला की स्वागताची अर्धी ओळ देऊन सहा सेकंद थांबतो. सरळ सर्व्हर पूर्ण स्वागत होईपर्यंत वाट बघतो. स्पॅम फेकणारं यंत्र घाईत असतं, यजमानाचं बोलणं संपायच्या आत बडबडायला लागतं. पकडलंच. ग्रीट ॲक्शन आणि डीएनएसबीएल ॲक्शन या दोन्ही सेटिंगची मूळ किंमत 'इग्नोर' असते, म्हणजे नुसती नोंद, अडवणूक नाही. एक आठवडा तशीच राहू द्या, लॉग वाचा, मग 'एन्फोर्स' करा. याच्या पुढच्या खोल चाचण्याही आहेत, त्या मी बंद ठेवल्या आहेत. त्यांत पास झालेल्या नव्या सर्व्हरलाही एकदा परत पाठवतात, आणि मोठ्या कंपन्या दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच आयपीवरून येतात. सीझनमध्ये तेवढी वाट बघायला वेळ नाही.

आता फजिती क्रमांक दोन, कारण ही अगदी नेहमीची आहे. यादी अजून मेन डॉट सीएफमध्ये होती तेव्हाची गोष्ट. कुणकेश्वरच्या एका काकांचा फोन.

"गो बाय, मेल जाणा नाय. काय केलंस तां सांग."

"काकानू, खंयसून पाठवतास?"

"बागेत बसलंय. मोबाइलवरसून."

तिथेच उत्तर होतं. झेन यादीत एक भाग असतो घरगुती आणि मोबाइल कनेक्शनच्या पत्त्यांचा. अशा पत्त्यावरून कुणी थेट मेल सर्व्हरसारखं बोलू नये म्हणून. उत्तर १२७.०.०.१० किंवा ११ येतं. यादी बरोबरच आहे. दुकानातल्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवता येत नाही त्याचं हेही एक कारण. दुसरं कारण लाईट, मे २०२१ च्या तौक्ते वादळात माझ्या घरी आठ दिवस नव्हती. पण काका सर्व्हर म्हणून बोलत नव्हते, पासवर्ड देऊन आपल्याच घरात शिरत होते. मी मात्र दोन्ही दारांवर एकच राखणदार उभा केला होता.

म्हणून बाहेरच्या सर्व्हरसाठी २५ आणि आपल्या माणसांसाठी ५८७ किंवा ४६५, असं सक्त वेगळं ठेवा. मास्टर डॉट सीएफमधल्या सबमिशनच्या ओळीखाली क्लायंट रिस्ट्रिक्शन्समध्ये फक्त दोन शब्द हवेत: परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट. यादी वगैरे काही नको. पोस्टस्क्रीन तर २५ शिवाय कुठे लावूच नका. आणि २५ वरच्या निर्बंधांत क्रम पाळा. रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन ही ओळ चुकूनही जाऊ देऊ नका, नाहीतर उद्या जग तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवेल.

पेटी उघडून बघणारा

साका धरलेला हापूस बाहेरून कळत नाही. साल पिवळीधमक, वास उत्तम, कापल्यावर आत पांढरट. तसंच काही स्पॅम दारावरून बिनबोभाट पास होतो, कारण तो एखाद्या चांगल्या कंपनीच्या चोरलेल्या मेलबॉक्समधून आलेला असतो. त्याला कापूनच बघावं लागतं.

स्पॅमअसॅसिन २००१ पासून आहे, अपाचेचा प्रकल्प आहे, आणि पाच गुणांना स्पॅम ठरवतो. आरस्पॅमडी २००८ च्या सुमाराचा, सी भाषेत लिहिलेला, वेगवान. मी दुसरा घेतला, कारण मिल्टर त्याच्या अंगातच आहे आणि डीकेआयएमची सही, एसपीएफ, डीमार्क (पाठवणारा खरा आहे का ते तपासायच्या तीन पद्धती), ग्रेलिस्टिंग सगळं एकाच ठिकाणी मिळतं. आधीपासून स्पॅमअसॅसिन नीट चालत असेल तर फेकू नका. स्पॅमअस-मिल्टरने तोही सहीआधी बसवता येतो.

बसवणं सोपं. आरस्पॅमडीची स्वतःची रिपॉझिटरी जोडा, सोबत रेडिस हा डेटाबेस घ्या, आणि आरस्पॅमएडीएम कॉन्फिगविझार्ड चालवा. मूळ फाइलींना हात लावू नका; जे बदलायचं ते लोकल डॉट डी फोल्डरमध्ये त्याच नावाच्या फाइलीत, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. मग मेन डॉट सीएफमध्ये एसएमटीपीडी मिल्टर्सपुढे आयनेट, लोकलहोस्ट, ११३३२. नॉन एसएमटीपीडी मिल्टर्सनाही तेच. ११३३४ वर त्याचं वेब पान असतं, ते इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मी एसएसएचच्या (सुरक्षित लॉगिनच्या) बोगद्यातून बघते.

तिसरी ओळ मिल्टर डिफॉल्ट ॲक्शन, आणि इथे थोडं थांबा. आरस्पॅमडी मेला तर काय करायचं ते ही ओळ ठरवते. मूळ किंमत 'टेम्पफेल': मेल घेऊ नको, नंतर ये म्हण. दुसरी 'ॲक्सेप्ट': न तपासता आत घे. पुस्तकी उत्तर पहिलं. मी मार्च ते मे 'ॲक्सेप्ट' ठेवते आणि पाऊस लागला की 'टेम्पफेल'. सीझनमध्ये चार स्पॅम जास्त आले तर कुणी रडत नाही.

क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम आमच्याकडे नाही. चांगला आहे, पण व्हायरसच्या खुणांसाठी एक जीबीहून जास्त मेमरी खातो, आणि आमचा व्हीपीएसच दोन जीबीचा. लावला होता, दोन दिवसांत कर्नलने मेमरी पुरेना म्हणून रेडिसचा बळी घेतला. आता नुसत्या एक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ अशा अटॅचमेंट नाकारते. आंब्याच्या व्यवहारात कुणाला आयएसओ फाइल लागत नाही.

आता गुण. आरस्पॅमडीच्या मूळ आकड्यांप्रमाणे चार गुणांना ग्रेलिस्ट, सहाला मेलवर स्पॅमचं हेडर, पंधराला नकार. नवे लोक नकाराचा आकडा उत्साहात आठवर आणतात. आणू नका. का ते एका मेलवर दाखवते.

शारजाहून आलेला मेल. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, शेवटी तीन उद्गारचिन्हं. मजकूर दोन ओळी: डिअर सर, काइंडली सेंड बेस्ट प्राइस मँगो अर्जंट. साधा मजकूर नाही, नुसतं एचटीएमएल. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला रिव्हर्स नाव (आयपीवरून सापडणारं नाव) नाही, डीकेआयएमची सही नाही. प्रत्येक गोष्टीचे थोडे थोडे गुण मिळून ७.४ झाले. जगातल्या कुठल्याही नियमाने हा स्पॅमच दिसतो. आमच्या सचिवांच्या दृष्टीने हे वर्षातलं सगळ्यात गोड पत्र. आखातातले आमचे बहुतेक खरे ग्राहक असंच लिहितात.

नकार आठवर असता तरी हा कसाबसा वाचला असता, पुढच्या वेळी नसता. पंधरावर तो जंकमध्ये गेला, तिथून सचिवांनी इनबॉक्समध्ये ओढला, आणि त्या ओढण्यातून फिल्टर शिकला. बेजचं गणित तेच करतं: आपल्या मेलमधले कुठले शब्द चांगल्या मेलमध्ये जास्त येतात, कुठले वाईटात. पण आरस्पॅमडी दोन्ही बाजूंचे किमान २०० मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी संस्थेच्या परवानगीने मागच्या तीन सीझनची उत्तर दिलेली पत्रं चांगली म्हणून शिकवली. त्यात मराठीही भरपूर होती, आणि ती मुद्दाम घातली, तयार नियम बहुतांशी इंग्रजी स्पॅम बघून लिहिलेले, "पेट्या कधी भरताव?" हे त्यांच्या गावीही नसतं. नंतर तशाच शारजाच्या मेलला बेजने जवळजवळ तीन गुण उणे दिले. चारच्या जरा वर राहिला, ग्रेलिस्टने पाच मिनिटं थांबवलं, पुढच्या खेपेला इनबॉक्समध्ये.

जंकमधून शिकणं

हेडर लागलेला मेल जंकमध्ये टाकायचं काम डव्हकॉटच्या सीव्हचं. एक सामायिक स्क्रिप्ट, सीव्ह बिफोरमध्ये जोडलेली: एक्स-स्पॅम हेडर असेल तर जंकमध्ये ठेव, नाहीतर पुढे जा. तीन ओळींचं काम.

शिकवण्यासाठी आयमॅपसीव्ह लावा. कुणी मेल जंकमध्ये ओढला की आरस्पॅमसीची लर्न स्पॅम कमांड, जंकमधून बाहेर काढला की लर्न हॅम (हॅम म्हणजे चांगला मेल). यात एक खोच आहे. लोक जंक साफ करताना मेल कचऱ्यात टाकतात, म्हणजे तोही जंकमधून "बाहेर" गेला. स्क्रिप्टमध्ये कचऱ्याचं फोल्डर वगळलं नाहीत तर प्रत्येक साफसफाईत फिल्टर शिकतो की लॉटरीचे मेल चांगले असतात. आमच्याकडे दोन आठवडे तसंच चाललं होतं. मला वाटत होतं बेज बिघडला; बेज बिचारा सांगितलेलं ऐकत होता.

माणसांना शिकवणं जास्त कठीण. मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या: नको असेल तर डिलीट करू नका, जंकमध्ये ओढा, हवा असेल तर जंकमधून इनबॉक्समध्ये. आणि आपणच कधीकाळी नाव नोंदवलेल्या दुकानाची जाहिरात आली तर ती स्पॅम नव्हे, खालचं अनसबस्क्राइब दाबा.

एसपीएफबद्दल (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवावा याची यादी) एवढंच की नुसत्या एसपीएफवर मेल नाकारू नका. आमच्या निम्म्या सभासदांनी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे मेल वळवलेले आहेत. वळवलेला मेल तिसऱ्याच सर्व्हरवरून येतो आणि एसपीएफ मोडतो, डीकेआयएमची सही मात्र टिकते. गुण द्या, निकाल देऊ नका. आपल्या जाणाऱ्या मेलला मात्र एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही नीट लावा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत, आणि आमचे निम्मे ग्राहक जीमेलवर.

जाणाऱ्या मेलवरही प्रत्येक मेलबॉक्सला ताशी मर्यादा लावा. एखाद्याने पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवलेलाच असतो.

चाचणी

जीट्यूब नावाची ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ आहे, स्पॅमअसॅसिनच्या कागदपत्रांत मिळेल. ती मेलमध्ये असली की स्पॅमअसॅसिन हजार गुण देतो आणि आरस्पॅमडी सरळ नाकारतो. स्वॅक्स हे छोटं साधन घेऊन दुसऱ्या व्हीपीएसवरून ती पाठवा. टिंबानंतर ५५४ दिसलं, म्हणजे फिल्टर सहीआधी बसला. २५० दिसलं आणि मेल नंतर कुठेतरी हरवला, म्हणजे जोडणी चुकली, पुन्हा मागे जा. सॉफ्ट बाउन्स चालू असेल तर ५५४ ऐवजी ४०० च्या घरातला आकडा दिसेल, घाबरू नका. आठवडाभर लॉगमध्ये कुणी आपलं माणूस अडलेलं दिसलं नाही, की सॉफ्ट बाउन्स 'नो' करा. हे विसरलात तर जगातला प्रत्येक स्पॅमवाला पाच दिवस तुमच्या दारात पुन्हा पुन्हा येत राहील.

मग शेवटची ओळ, मला सगळ्यात उपयोगी पडलेली. एसएमटीपीडी रिजेक्ट फूटर. पोस्टफिक्स प्रत्येक नकाराच्या शेवटी ती जोडतो आणि पोस्टस्क्रीनही तीच उचलतो. मी तिथे साध्या इंग्रजीत लिहिलं: मेल अडला असेल तर संस्थेच्या ऑफिसला फोन करा, आणि खाली नंबर. स्पॅमवाला ती वाचत नाही. माणूस वाचतो.

या मार्चमध्ये दुबईच्या एका व्यापाऱ्याने तो नंबर फिरवला. परत आलेल्या मेलमधलं वाक्य त्याने सचिवांना वाचून दाखवलं, सचिवांनी फोन माझ्याकडे दिला. त्याच्या ऑफिसचा आयपी यादीत चढला होता, तिथल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला काहीतरी लागलेलं असणार. त्याला तेवढं सांगितलं, पोस्टस्क्रीनच्या ॲक्सेस फाइलमध्ये त्याचा पत्ता परमिट म्हणून घातला आणि रीलोड केलं. दहा मिनिटांनी त्याने मेल पुन्हा पाठवला. ८० पेट्या, अर्ध्या चार डझनी, अर्ध्या पाच डझनी. मी तो सचिवांच्या स्क्रीनवर दाखवला आणि ती परमिटची ओळ जूनमध्ये काढायची म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवली.